डबा रिकामा आला नाही

जीपला ट्रेलर न जोडता कॅम्पिंगचं सगळं सामान बसवायची युक्ती प्रणालीचीच. तंबू टपावरच्या कॅरिअरला, पाण्याचा कॅन मागच्या दाराला आणि जेवणाचा डबा सीटखाली. दर शनिवारी निलेश दादरहून एकटाच डोंगरात जायचा. पण महिनाभर तिच्या मनात पाल चुकचुकत होती. टायरला चिखल नाही, तंबू तिनंच घातलेल्या घडीत, कॅन काठोकाठ.

"एकटाच होतास ना?"

"अगं, मग कोण असणार?"

त्या रविवारी तिनं डबा घासायला उघडला, तर आत चार नारळाच्या वड्या. रिकामा डबा परत पाठवू नये, हे पाळणारी कोण बाई भेटते याला डोंगरात? रागारागानं तिनं एक वडी तोंडात टाकली आणि आल्याचा ठसका लागला. नारळाच्या वडीत आलं घालणारी बाई तिच्या माहितीत एकच होती, तिची सासू. तिच्याशीच भांडून तीन वर्षांपूर्वी दोघांनी लालबागची खोली सोडली होती, आणि 'पुन्हा इथे पाय ठेवणार नाही' असं निलेशकडून प्रणालीनंच वदवून घेतलं होतं.

 

पुढच्या शनिवारी तिनं टपावरचा तंबू उतरवून ठेवला, भरलेला डबा मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसली आणि म्हणाली, "चल, लालबागला घे."