राखण नसलेलं वावर

"खाली वाका बे! रस्त्यानं मोटरसायकल गेली," शेषराव कुजबुजले.

चौघेही कपाशीत वाकले. खरं तर ते सकाळपासून वाकलेलेच होते. आणखी वाकताना बायको झुंबरबाईंच्या तोंडून 'आई वं' निघालं आणि मुलगा गोपाल सरळ मातीतच बसला. सून राखी मात्र वाकल्या वाकल्या दोन बोंडं वेचून मोकळी झाली.

वावर सत्यभामाबाईंचं होतं. काल दुपारी त्या हातात पिशवी घेऊन शेषरावांच्या ओट्याशी थांबल्या. स्वतःचं घर पलीकडच्याच दाराला, तरी त्यांनी इथे पाणी मागितलं. पिता पिता म्हणाल्या, "खामगावले पोरीकडे चालली मी दोन दिवस. वावरात सारा कापूस फुटून लोंबून राह्यला. राखाले कोनी नाई. सोडला देवाच्या भरोशावर!"

शेषरावांनी देवावर एक दिवसाचाही भार पडू दिला नाही.

हे घर गावात चोर म्हणून ओळखलं जायचं, आणि चोरी फसण्यासाठी त्याहून जास्त. मागच्या उन्हाळ्यात त्यांनी कुणाचा तरी कूलर उचलला. तो दारातून आत जाईना, म्हणून अंगणात ठेवला आणि मालकानं जाता जाता ओळखला. एकदा कोंबडी आणली. ती यांच्या अंगणात दाणे खायची आणि अंडं मात्र रोज जुन्या मालकाच्या घरी जाऊन घालायची. लोक हसायचे, शेषराव मनावर घ्यायचे नाहीत.

त्यांचा तोरा वेगळ्याच गोष्टीचा होता. तीन पिढ्यांत या घरातलं कुणी मजुरीला गेलं नव्हतं. घरची दोन एकरंसुद्धा बटईनं, निम्म्या वाट्यावर, दुसऱ्याला कसायला दिलेली. सकाळी मजूर बाया गाडीत दाटीवाटीनं बसून निघाल्या की शेषराव ओट्यावर बशीतून चहा ओढत विचारायचे, "काय वं बायाहो, निघाल्या का कमरा मोडाले?" बाया चिडायच्या, शिव्या द्यायच्या. शेषरावांचा सगळा दिवस त्या आनंदात जायचा. गावात त्यांची म्हणून जी काही इज्जत होती, ती एवढीच.

चोरीचा कापूस म्हणून ओरबाडायचा नाही, असं झुंबरबाईंनी सकाळीच बजावलं होतं. कचरा दिसला की व्यापारी भाव पाडतो. "पाला येऊ देऊ नोका. किडका, पिवळा कापूस अलग बांधा." त्यामुळे चौघं जण एकेक बोंड निगुतीनं वेचत होते. वाळक्या बोंडांची टोकं लागून गोपालच्या बोटांतून रक्त आलं. त्यानं बोट चोखलं आणि पुन्हा वेचू लागला. दुपारी बांधावर बसून सगळ्यांनी भाकरी आणि ठेचा खाल्ला. घोटभर पाणी पिऊन झालं नाही तोच शेषरावांनी हाकारलं, "उठा, उठा! दिवस कलून राह्यला." असं वाक्य त्यांच्या तोंडून जन्मात पहिल्यांदा निघालं होतं.

राखी माहेरी कापूस वेचतच मोठी झालेली. ती दोन ओळी पुढे गेलेली पाहून शेषरावांना चेव आला. तेही झपाझप वेचू लागले. चार वाजता ते तिच्या बरोबरीला आले, तेव्हा ती हळूच म्हणाली, "मामाजी, राग नोका मानू. एवढी मेहनतच कराची होती, तं मजुरीलेच गेलो असतो."

शेषराव ताठ झाले. कमरेनं जेवढं होऊ दिलं तेवढे.

"तोंड सांभाळ, सूनबाई! मजुरी करनारे ते लोक येगळे. आपन खानदानी मानसं. आपन चोरी करून राह्यलो."

पाच वाजेपर्यंत वावर निम्मं पांढरं, निम्मं हिरवं दिसू लागलं. बांधावर गाठोडी उभी राहिली. गोपालनं फोन करून बोलावलेला गोविंदाचा टेम्पो वेळेवर आला. गोपाल खूश झाला. त्याची एखादी गोष्ट वेळेवर होण्याची ही पहिलीच खेप होती.

टेम्पोचं दार उघडलं आणि ड्रायव्हरच्या शेजारून सत्यभामाबाई उतरल्या. त्यांच्या हातात वजनकाटा होता.

"गोपाल्या," शेषराव दातओठ खात म्हणाले, "टेम्पोवाल्याले काय सांगतलं तू?"

"त्यानं पत्ता इचारला. म्या म्हनलं, सत्यभामाबाईचं वावर. दुसरा काय सांगू?"

पळायचं सगळ्यांच्याच मनात आलं, पण पायांत आलं नाही. सत्यभामाबाई कुठे गेल्याच नव्हत्या. कालपासून दाराला आतून कडी लावून घरातच बसल्या होत्या. गोविंदानं वावराची वाट विचारायला दार वाजवलं, तशा काटा घेऊन टेम्पोत बसल्या. त्यांनी एक गाठोडं उघडलं, मूठभर कापूस हातात घेऊन उन्हात धरला. त्यात काडीचा कचरा नव्हता. मग प्रत्येक गाठोडं काट्याला लावलं.

"पंधरा दिवस झाले, मजुराच्या दारोदार फिरून राह्यली मी," त्या म्हणाल्या. "एक मानूस भेटला नाई. वरून पावसाचं भेव. तुमी माहा कापूस वाचोला, भाऊ."

त्यांनी कनवटीचे पैसे काढून चौघांच्या हातावर मजुरी ठेवली, गावात चालू असलेल्या दरानं. राखीनं ती पटकन पदराला बांधली. शेषरावांचा हात मात्र इंगळी ठेवल्यासारखा ताठ राहिला.

"साऱ्या गावाले सांगीन," सत्यभामाबाई कौतुकानं म्हणाल्या. "शेषरावाच्या घरच्याइतके चांगले मजूर या पंचक्रोशीत नाईत."

शेषरावांचा चेहरा पडला. त्यांनी टोपी काढली आणि सत्यभामाबाईंचे पाय धरले.

"बाई, पाह्यजे तं पोलिसात द्या, चारचौघात चोर म्हना. पन आमी काम केलं, हे गावात कोनाले सांगू नोका!"