सुगंधी मेणबत्त्या

"वहिनी, स्वतःवर प्रेम करायला शिका," म्हणत नणंदेने सुगंधी मेणबत्त्यांचा खोका हेमांगीच्या हातात ठेवला. पलंगावर सासूबाई पक्षाघाताने पडून होत्या. त्यांची चादर नुकतीच पुन्हा ओली झाली होती.

"रोज डोळे मिटून बसायचं. थकवा पळून जातो."

दोन वर्षांत नणंद आपल्या आईजवळ एक रात्रही थांबली नव्हती. हेमांगीच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने खोका नणंदेच्या मांडीवर आदळला, त्यावर धुतलेली चादर टाकली आणि पर्स उचलली.

"मी माहेरी चालले. रविवारी येईन."

"अहो, पण मला यातलं काही जमत नाही!"

"मलाही जमत नव्हतं."

दाराशी मात्र तिचा पाय अडखळला. पलंगावरून सासूबाईंचा जड, बोबडा आवाज आला, "जा गं. सोमवारी ये."