दोन तारा

जाडी मोजायचं मीटर सांगळ्यांनी स्वतःच्या हातानं बनवलेलं. सिन्नरच्या त्या कारखान्यात बारा वर्षं त्यावरचे आकडे तेच वहीत उतरवत आले. आता कालची पोरगी निकिता मीटरला सीरियल पोर्ट लावून आकडे थेट कॉम्प्युटरवर आणणार होती, आणि साहेबांच्या तोंडी उठता-बसता तिचंच नाव. सांगळ्यांच्या पोटात दुखायला लागलं. "झालं का गं?" विचारलं, की ती नुसती हसायची.

डेमोच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सांगळ्यांनी गुपचूप मीटरचं झाकण उघडलं, आकडे पाठवायची तार आणि घ्यायची तार यांची अदलाबदल केली आणि शांतपणे डबा खायला बसले.

तीन वाजता साहेबांसमोर निकितानं मीटर चालू केलं. स्क्रीनवर धडाधड आकडे यायला लागले. टाळ्या पडल्या.

पेढा घेऊन ती सांगळ्यांपाशी आली आणि हळूच म्हणाली, "सर, आठ दिवस डोकंफोड केली, पण सकाळपर्यंत एक आकडा येत नव्हता. आज माफीच मागणार होते. आता साहेब विचारतायत, शेवटी काय बदललं? मीटर तुमचं आहे, तुम्हीच सांगा ना."