पंचेचाळीस फेरे

“बंद करा ते,” अन्सेल्मो बातिस्ता टॅक्सीवाल्याला म्हणाला.

टॅक्सीवाल्याला कळेना, चुकलं काय. पाहुणा खूश व्हावा म्हणून त्यानं मुद्दाम त्याचंच गाणं लावलं होतं, आणि काली शहरातल्या माणसाला आवडतं तसंच. म्हणजे मिनिटाला तेहेतीस फेरे घ्यायची तबकडी पंचेचाळीस फेऱ्यांवर पळवलेली. सुरुवातीचे ट्रंपेट पिसाटल्यासारखे चिरकत होते. गाण्याच्या शब्दांना तोंड फुटायच्या आत अन्सेल्मोनं हात लांबवून स्वतःच बटण दाबलं. म्हाताऱ्याला शिसारी आली होती.

गाणं त्याच्या आईचं होतं. प्वेर्तो रिकोतल्या घरी लोकांच्या कपड्यांना इस्त्री करताना ती ते म्हणायची. ती गेली त्या वर्षी, चोवीस वर्षांच्या अन्सेल्मोनं न्यूयॉर्कला जाऊन ते स्वतःच्या आवाजात तबकडीवर उतरवलं. जड, संथ, तिरडीमागून चालावं तसं. तबकडीला कुत्रं विचारीना. पुढे त्यानं जन्मभर बस चालवली. आईचा एक फोटो त्याच्याकडे होता, पण आवाज केव्हाच विसरला होता, आणि ती लाज तो कोणाला सांगत नसे.

तबकडी चालली ती फक्त कालीत. कोणा खलाशानं बंदरातून आणली, नाचणाऱ्यांना ती रटाळ वाटली, त्यांनी यंत्राची कळ फिरवली, आणि सत्तावन्न वर्षं सगळं शहर त्यावर उड्या मारत होतं. हे कळलं तेव्हा अन्सेल्मोला दोन दिवस अन्न गेलं नाही. कालीच्या डिसेंबरातल्या जत्रेत गायचं आमंत्रण त्यानं एकाच अटीवर घेतलं होतं: गाणं खऱ्या चालीत होईल, आणि तो स्वतः म्हणेल. मरण्याआधी एकदा तरी या लोकांनी ते नीट ऐकावं, एवढंच त्याला हवं होतं.

गावात पाऊल टाकल्यापासून त्याला प्रत्येक गोष्टीची किळस येत होती. डिसेंबरात घामाच्या धारा. रस्त्यावर चोंतादुरो नावाचं पिठूळ फळ, त्याला मध, वर मीठ. एका बाईनं ते बळंच त्याच्या तोंडात कोंबलं. ओळख ना पाळख, येईल तो ओल्या गालानं त्याचा मुका घेत होता. बाजारात एका दुकानातून तेच चिरके ट्रंपेट ऐकू आले, तेव्हा त्यानं कानात बोटं घातली आणि रस्ता ओलांडला.

रविवारी दुपारी त्याला दोन्या ओफिर नावाच्या बाईच्या नाचघरात नेलं. तिथे सगळे साठीच्या पुढचे. पुरुषांच्या पायात दुरंगी बूट, बायकांच्या अंगावर टिकल्यांचे झगे, आणि बडीशेपेची दारू, पावडर, घाम यांचा एकच भपकारा. दोन्या ओफिर शहात्तरची होती आणि तिच्या दातांना लिपस्टिक लागली होती. तिनंही त्याचा मुका घेतलाच.

“माएस्त्रो, या गाण्यावर माझं लग्न जमलं,” ती म्हणाली. “आणि नवरा गेला तेव्हा त्याच्या पेटीभोवती आम्ही यावरच नाचलो.”

“प्रेताभोवती नाचलात?”

“मग? बिचाऱ्याला गुपचूप धाडायचं होतं की काय?”

या बाईच्या हातचं पाणीही घ्यायचं नाही, असं अन्सेल्मोनं ठरवलं आणि तो मंचावर चढला.

तो गायला. जीव ओतून, डोळे मिटून, जसं चोविसाव्या वर्षी गायला होता तसंच. डोळे उघडले तेव्हा नाचायला उभी राहिलेली जोडपी एक पाय उचलून खोळंबली होती. दुसरा पाय कधी टाकायचा ते कोणालाच कळत नव्हतं. एकेक करून सगळे खुर्च्यांवर जाऊन बसले.

“माएस्त्रोंना बरं वाटत नाहीये,” मागून एक म्हातारा काळजीनं म्हणाला. “खुर्ची द्या रे त्यांना.”

गाणं संपलं. लोकांनी आजाऱ्याला धीर द्यावा तशा टाळ्या वाजवल्या. गाढवापुढे वाचली गीता, कालचा गोंधळ बरा होता. अन्सेल्मो खाली उतरला, टोपी घातली आणि दाराकडे निघाला. त्याला या गावचं तोंड पुन्हा बघायचं नव्हतं.

“तुमची अट पाळली,” दोन्या ओफिर यंत्रापाशी जात म्हणाली. “आता माझी माणसं नाचणार.” तिनं कळ फिरवली आणि सुई ठेवली.

ट्रंपेट चिरकले. अन्सेल्मोच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो तसाच मागे वळला; ती तबकडी आज फोडायचीच, मग होऊ दे काय व्हायचं ते. पण क्षणात सगळी म्हातारी मंडळी मैदानात उतरली होती. कोपरं, टिकल्या, घामेजलेल्या पाठी. तो रेटत, ढकलत निघाला. अर्ध्या वाटेवर असतानाच ट्रंपेट थांबले आणि गाण्याला तोंड फुटलं.

त्याचाच आवाज, पण वेगानं चढून बाईचा झाला होता. किंचित नाकातला, घाईचा, हातातली इस्त्री गार व्हायच्या आत कडवं उरकून घेणारा.

अन्सेल्मो जागच्या जागी उभा राहिला. दोघांचे धक्के बसले, ते त्याला कळलेही नाहीत. मग तो हळूहळू यंत्रापर्यंत पोचला. दोन्या ओफिरनं तबकडीवर दोन्ही हात आडवे धरले.

“हात तर लावून बघा,” ती म्हणाली.

त्यानं टोपी काढली.

“संपलं की पुन्हा लावा,” तो म्हणाला. “आई गातेय माझी.”