सुराला शामू नको

शामू मच्छे गावाहून तंगडतोड करत बेळगावच्या कॅम्पात आला, तर भीमाप्पा आजही घरी नव्हता. सनई तेवढी खुंटीला लटकत होती.

"सांज झाली की बराकीकडं पळतोय," समोरच्या दुकानातून जिनाप्पा म्हणाला. पलटणीला कापड पुरवणारा हा जैन व्यापारी. कॅम्पात कुठं काय शिजतंय ते त्याला आधी कळायचं. "गोऱ्यांच्या त्या पिशवीबाज्यासंगं तालीम चाललीया म्हणं. तुला ठावं न्हाय व्हय?"

शामूला ठाऊक नव्हतं.

मिसरूड फुटल्यापासून तो भीमाप्पाच्या मागं बसून सूर धरत आला होता. म्हणजे दुसऱ्या सनईवर एकच स्वर, गाल फुगवून, नाकानं श्वास घेत, न तुटता धरून ठेवायचा. चिजा भीमाप्पाच्या, वाहवाही भीमाप्पाची. सूर धरणाऱ्याकडं कोण बघतंय? शामूची त्याला ना नव्हती. खरं सांगायचं तर होती, म्हणून तर तो गावी गोठ्यामागं बसून त्याच चिजा चोरून वाजवायचा. पण गुरूपुढं तसं बोलायची त्याची छाती झाली नाही.

दर नोव्हेंबरअखेर घागरेवाले स्कॉटिश सोल्जर आपल्या संताच्या नावानं नाचगाण्याचा आणि बॅगपाइपचा, म्हणजे त्या पिशवीबाज्याचा, जलसा करायचे. बेळगावातल्या वकील-डॉक्टरांनाही बोलावणं असायचं. मध्ये एक बाजा इथला, आणि तो मान भीमाप्पा-शामूचा. वर्षातून तेवढ्या एका दिवशी शामू चारचौघांना दिसायचा.

"त्या पिशवीत सूर आपोआप भरून ऱ्हातोय," जिनाप्पा कापडाची घडी घालत म्हणाला. "बँडच्या मेजरला तुझ्या अण्णानं सांगून टाकलंय, औंदा सुराला शामू नको."

शामू जायला वळला.

"आणि परवा माझ्याकडं बाटलीचं बूच मागत हुता. जैनाच्या दुकानात! गोऱ्यांच्या नादानं बाटलीबी धरली म्हणायची."

दुसऱ्या दिवशी शामूनं भीमाप्पाला गाठलं. म्हातारा दुधात भाकरी कुस्करून खात होता. हल्ली बोलताना तोंडावर हात धरायची त्याला सवय लागली होती. वास लपवतोय, शामूच्या मनात आलं.

"अण्णा, जलशात काय वाजवायचं?"

"ते तितं बघू."

"मी येऊ न्हवं?"

"ये की. तुझ्याबिगर कसं चालंल?" भीमाप्पानं वर बघितलं नाही. "तुझी सनई मातर आणू नको. वझं कशाला?"

शामूच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे जिनाप्पा बोलला ते खरं होतं. ज्याच्यामागं उभा जन्म गाल फाटेस्तोवर फुंकलं, त्यानंच केसानं गळा कापला होता. वर, बघायला ये म्हणून बोलावत होता. शामू घरी गेला आणि त्या रात्री जेवला नाही.

जलशाच्या दुपारी तो पुन्हा कॅम्पात आला. भीमाप्पा बराकीत गेला होता. सनई गवसणीत घालून कोनाड्यात तयार ठेवलेली होती. भीमाप्पाच्या घराण्याचा दंडकच होता, जलशाच्या दिवशी सनईला आधी तोंड लावायचं नाही, पहिली फुंकर लोकांपुढंच मारायची. शामूला तो दंडक पाठ होता.

त्यानं गवसणी सोडली. सनईच्या तोंडाची, जिच्यातून सूर उमटतो ती ताडपत्ती चाकूच्या टोकानं मधोमध चिरली. शेजारी दोऱ्याला बांधलेल्या जादा पत्त्याही त्यानं सोडल्या नाहीत. मग गवसणी होती तशी बांधली. त्याला बरं वाटलं.

संध्याकाळी हॉल खचाखच भरला. सोल्जरांनी जमिनीवर दोन तलवारींची फुली मांडली आणि तिच्यावर नाच धरला. पात्याला पाय लागला तर अपशकुन. एकाचाही लागला नाही. शामू मागं दाराशी उभा होता. म्हाताऱ्याची फजिती बघूनच तो मच्छ्याची वाट धरणार होता.

मग भीमाप्पा पुढं आला. काखेत पिशवी, खांद्यावर तीन नळ्या. बोटांनी वाजवायची नळी मात्र काढलेली, तिच्या जागी बाटलीचं बूच मारलेलं. त्यानं दाराकडं बघून हाक मारली.

"शामू, हिकडं ये."

सगळ्या माना वळल्या. शामू अवघडून त्याच्यापाशी जाऊन उभा राहिला. आज भीमाप्पानं तोंडावर हात धरला नव्हता. पुढचा एकही दात शिल्लक नव्हता.

"दात गेलं, दम गेला," तो हळू आवाजात म्हणाला. "सनई आता माझ्यानं हुईत न्हाय. तू म्होरं बसायचं तर मागं सूर कोण धरणार? ह्या पिशवीत दम साठतोय, म्हणून शिकलो. मेजरला म्हणालो, सुराला शामू नको, सूर मी धरतो. आधी सांगितलं असतं तर तू पळाला असतास."

त्यानं गवसणी शामूच्या हातात ठेवली.

"गावाकडं आलो तवा गोठ्यामागं वाजवत हुतास ते ऐकलंय मी. ही आता तुझी."

भीमाप्पानं पिशवी दाबली. तिन्ही नळ्यांतून सूर सुटला आणि न तुटता हॉलभर भरून राहिला. तो मानेनं खुणावत होता, वाजव. शामूनं सनई ओठांना लावली, आणि जिभेला त्याच्याच हातची चीर लागली.