भोंग्यावरची अंगाई

लहानपणी झोळीत घालून आई मला जी चाल गुणगुणायची, तीच मी माझ्या कलाप्रदर्शनात वाजवायची ठरवली. शब्द तिने कधी सांगितले नव्हते. म्हणून नुसती बासरी, आणि आवाज जुना वाटावा म्हणून भोंग्यावर. खाली एक रिकामी झोळी टांगली होती.

देश सोडून लाँग बीचमध्ये वसलेली आमची कंबोडियन म्हातारी मंडळी आईसोबत विहारातून थेट तिथेच आली.

"झोळीत कुणाला घालणार गं, चन्नारी? आधी लग्न तर कर," डोनटवाले सारून काका म्हणाले. सगळे हसले.

मी भोंगा सुरू केला.

हसणं जागच्या जागी थांबलं. एक मावशी दाराकडे सरकली. सारून काका भिंतीला पाठ लावून खालीच बसले.

"बंद कर, पोरी," ते कुजबुजले. "पोल पोटच्या राजवटीत त्याची माणसं छावणीत रात्री भोंग्यावर हेच लावायची. ज्यांना मारायला न्यायचे, त्यांचं ओरडणं आम्हाला ऐकू येऊ नये म्हणून."

घाईत मला बटण सापडेना. आईकडे पाहिलं. ती एकटीच शांत होती, रिकाम्या झोळीला हलकेच झोका देत उभी.

"आई, आणि तू हे मला अंगाई म्हणून गायचीस?"

 

"हे वाजायला लागलं की कळायचं, आज दुसऱ्या कुणाला तरी नेलंय," ती म्हणाली. "मग मला झोप लागायची."