माकुएची कवळी

आधी दात बसवून घ्या, मग नोकरीचं बघू, असं माकुएला तुम्हीच सांगितलं होतं. नोकऱ्या लावून देणारी कचेरी तुमची, खुर्ची तुमची. त्याचे खालचे पुढचे दात लहानपणीच काढले होते. तिकडे डिंका जमातीच्या गावात सगळ्याच पोरांचे काढत, रीतच होती. इथे मेलबर्नमध्ये लोक दचकतात, तुम्ही म्हणालात. त्याने कवळी बसवली. मग तुम्ही त्याला डँडेनाँगच्या कोंबड्यांच्या कारखान्यात चिकटवलंत. तिथे दिवसभर तोंडाला फडकं बांधून उभं राहायचं होतं.

त्याची मुलगी न्यिबोल हे विसरली नाही. तिने त्यावर नाटक लिहिलं आणि मेलबर्नच्या एका मोठ्या थिएटरने ते घेतलं. माकुएचं काम माकुएच करणार होता. समाजातल्या बाकीच्या म्हाताऱ्यांनी या वयात नाचायचं का म्हणून हात झटकले होते. हेच म्हातारे लग्नाकार्यात त्याला टोमणे मारायचे, गोऱ्यांचे दात लावून आपल्या जमातीची बैलाची गाणी म्हणतो म्हणून. शेवटच्या प्रवेशात तो कवळी काढून टेबलावर ठेवणार आणि प्रेक्षकांकडे बघून हसणार. जाहिरातीवर चित्रही कवळीचंच होतं.

रंगीत तालीम चालू होती. उद्या पहिला प्रयोग. माकुएने सगळं नीट म्हटलं. कवळी काढायच्या जागेपाशी आला आणि खिशात हात घालून उभा राहिला.

दिग्दर्शकाने आधी सबुरीने घेतलं. मग म्हणाला, हे नसेल तर नाटकाला शेवट नाही, आणि शेवट नसेल तर उद्या पडदा उघडणार नाही. न्यिबोल रंगमंचावर चढली. तिने आपल्या भाषेत बापाला झापलं. इतके दिवस तालमीत कवळी काढल्याची नुसती खूण करून भागवलंत, आज काय झालं? त्या कचेरीला अजून घाबरता का?

"घाबरत नाही," माकुए म्हणाला. "चावायची सवय झालीय."

ती हसली नाही. "त्यांनी बळजबरीनं तोंडात घातलं, बाबा. चारचौघांत काढून टाका. मग तुम्ही पुन्हा तुमचे व्हाल."

"पुन्हा?" त्याने आवाज चढवला नाही. "दात काढले तेव्हा दोघांनी मला धरलं होतं. मासे मारायच्या भाल्याच्या टोकानं उपटले. मी रडलो नाही, म्हणून माझ्या बापानं माझ्यावर गाणं रचलं. बसवले तेव्हा तुम्ही पोरं घरी उपाशी होता. आता तू काढा म्हणतेस, कारण उद्या खेळ आहे. माझ्या बापानं मला विचारलं नाही. कचेरीनं विचारलं नाही. तू विचारलंस?"

खालून दिग्दर्शकाने हळूच विचारलं, काय म्हणतायत ते? न्यिबोल त्याच्याकडे वळली.

"त्याला नंतर सांग," माकुए म्हणाला. "आधी मला सांग, पोरी. तू विचारलंस?"